वेदनेची जबानी

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ कल्याणहून वाशिंदला पोहोचले ते 1855 साली. पुढे आसनगाव मागे टाकून 1861च्या आरंभी गाडी कसाऱ्यापर्यंत जाऊ लागली, आणि थळघाटाची उभी चढण फोडून इगतपुरी गाठावयास 1865 उजाडले. जुन्या दफ्तरांत ज्या मुलखाला कोळवण म्हणत, त्या शहापूर तालुक्याच्या डोंगरकपारींत सुरुंगांचे आवाज घुमत होते त्याच काळी तिकडे विलायतेत या लोखंडी रस्त्याने एक नवाच आजार जन्माला घातला होता. गाडीवर गाडी आदळून ज्या उतारूंना जबर हिसका बसे, त्यांपैकी काहींच्या अंगावर साधा ओरखडाही नसे, हाडही शाबूत असे. तरी पुढे महिनोन्महिने पाठीच्या कण्यात कळा येतात, पायांत आग होते, डोळ्याला डोळा लागत नाही, अशी तक्रार ते करीत आणि कंपनीवर नुकसानभरपाईची फिर्याद लावीत. लोकांनी या दुखण्याला ‘रेल्वेचा कणा’ असे नाव ठेवले. जॉन एरिक एरिक्सन या लंडनच्या शल्यविशारदाने 1866 साली त्यावरील आपली व्याख्याने प्रसिद्ध केली. लोहचुंबकावर हातोड्याचा घाव घातला असता तो दिसावयास जसाच्या तसा राहतो, पण त्याची आकर्षणशक्ती मात्र जाते. धक्क्याने मेरुरज्जूचे असेच काहीसे होत असावे, असे त्याचे म्हणणे. 1883त हर्बर्ट पेज या दुसऱ्या शल्यविशारदाने, आणि हा गृहस्थ स्वतः एका रेल्वे कंपनीच्या पदरी होता हे ध्यानात ठेवलेले बरे, या मताचा स्वतंत्र ग्रंथ लिहून समाचार घेतला व यांतील बहुतेक दुखणी भयापोटी, मनातून उपजलेली असतात असे प्रतिपादिले. थळघाटात दरडी फोडणाऱ्या मजुरांपैकी कोणी अशी फिर्याद लावल्याचे मात्र ऐकिवात नाही.

तो कज्जा वरवर पाहता पैशाचा होता. मुळात तो पुराव्याचा होता. ज्याला दुखते त्याच्या जबानीखेरीज दुसरा दाखला हाती नसेल तर ती जबानी ग्राह्य धरावी की धरू नये? मेरुरज्जूच्या दुखापतीनंतरच्या वेदनेचा पुढील दीडशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरत राहिला, आणि त्यात साक्षीला उभे करण्यात आले ते बहुतांशी मुके साक्षीदार: बेडूक, कुत्रे, मांजरे आणि अखेरीस पांढरे उंदीर.

शहापूर वा मुरबाड येथे अशा साक्षीदारांवर प्रयोग करणारी प्रयोगशाळा नाही. पण ज्या दुखण्यासाठी ती उभारावी लागली ते येथे परके नाही. भाताच्या रोपासाठी राब भाजावयाचा तर टहाळ हवा, आणि टहाळ हवा तर कोयता कमरेला लावून ऐनाकिंजळाच्या शेंड्यापर्यंत चढावयास हवे. पायाखालची मनगटाएवढी फांदी काडकन मोडली की माणूस पाठीवर येतो. कोणी विहिरीच्या कामावर पडतो, कोणी पावसाळ्याआधी कौले चाळताना छपरावरून घसरतो, आणि अलीकडे तर कसारा व माळशेज या दोन्ही घाटांतील मोटारींचे अपघात त्यात भर घालतात. जेथे पाड्यापर्यंत गाडीरस्ता नाही तेथून असा माणूस घोंगडीच्या झोळीत घालून, झोळी बांबूला बांधून, दोघांच्या खांद्यावरून खाली आणावयाचा, ही या डोंगरांतील फार जुनी रीत आहे. ती आणणाऱ्यांच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु झोळीत अंग कमरेतून दुमडते, आणि मोडलेल्या कण्याला याहून घातक शय्या शोधून सापडावयाची नाही. जो रज्जू पडताना केवळ चेंगरला होता तो वाटेत पुरता निकामी होऊ शकतो.

अशा माणसाचे पाय लुळे पडतात हे सर्वांना दिसते. न दिसणारी गोष्ट पुढे काही आठवड्यांनी वा महिन्यांनी सुरू होते. ज्या पायांना चिमटा काढला तरी कळत नाही, त्याच पायांत रात्री निखारे भरल्यासारखी आग होऊ लागते. कमरेभोवती आवळपट्टा बांधल्यासारखे वाटते, आणि त्या पट्ट्यावर सदऱ्याची किनार नुसती घासली तरी जीव कळवळतो. घरचे भगताला बोलावतात, कारण मेलेल्या अवयवात जिवंत कळ म्हणजे बाहेरची बाधा, हे त्यांच्या तर्काला धरूनच असते. गंमत अशी की शिकलेला वैद्यही फार काळ याहून वेगळे बोलत नव्हता. तार तुटली असता तारेपलीकडून संदेश येणार कोठून, असे म्हणून तो रुग्णाची समजूत घाली. वास्तविक ही वेदना मुळीच विरळा नाही. सिडनीच्या संशोधकांनी अशा शंभर माणसांचा पाच वर्षे पाठपुरावा करून 2003 साली जो वृत्तांत दिला त्यात, अखेरपर्यंत हाती लागलेल्यांपैकी, शेकडा 81 जणांना कोणती ना कोणती वेदना होती. शेकडा 41 जणांना दुखापतीच्या पातळीवर, आणि शेकडा 34 जणांना तिच्याखाली, म्हणजे नेमकी त्या ‘मेलेल्या’ भागात, मज्जातंतूंच्या बिघाडातून उपजलेली.

आता प्राण्यांकडे वळू. गेलेन या प्राचीन वैद्याने दुसऱ्या शतकातच जिवंत जनावरांच्या मेरुरज्जूचे निरनिराळ्या उंचीवर छेद घेऊन त्याखालील हालचाल व संवेदना नाहीशी होते हे दाखविले होते. खरा घोळ झाला तो एकोणिसाव्या शतकात, बेडकामुळे. एडुआर्ड फ्ल्यूगर या जर्मन शास्त्रज्ञाने 1853त शिर छेदलेल्या बेडकाच्या कातडीवर अम्लाचा थेंब ठेवला, तेव्हा त्या शिरहीन प्राण्याने पाय उचलून तो थेंब पुसला. आणि पाय धरून ठेवला तर दुसऱ्या पायाने पुसू पाहिला. फ्ल्यूगरने त्यावरून असा निष्कर्ष काढला की मेंदूप्रमाणे कण्यातही काही एक जाणीव वसत असली पाहिजे. कण्यातील आत्मा! पंडितांत मोठा वाद माजला. पुढे चार्ल्स शेरिंग्टन याने या कोड्याला शिस्त लावली. अग्रमस्तिष्क काढलेले मांजर नख टोचताच गुरगुरते, तोंड वळवते, पंजा उगारते. पण ज्या इंद्रियाला दुःख व्हावे तेच जाग्यावर नसल्यामुळे हे सारे वेदनेचे सोंग आहे, वेदना नव्हे, असे मानून त्याने 1904त एका सहकाऱ्यासमवेत लिहिलेल्या निबंधात या क्रियांना भावनेचा आभास असे नाव दिले. पाय आखडणे ही प्रतिक्षेपी क्रिया. ती कण्याच्या कण्यात उरकते, वर वर्दी जावो वा न जावो. हे सूत्र इतके स्पष्ट असूनही पुढील पिढ्या ते वारंवार विसरल्या.

प्राण्याच्या मेरुरज्जूला मोजूनमापून इजा करण्याची पद्धत फिलाडेल्फियाच्या आल्फ्रेड रेजिनाल्ड ॲलन याने 1911 साली रूढ केली. भूल दिलेल्या कुत्र्याचा रज्जू उघडा करून त्यावर ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून सोडावयाचे, आणि वजन गुणिले उंची या हिशेबाने आघात नोंदवावयाचा, अशी ती रीत. नंतरच्या यंत्रांत कितीही सुधारणा झाल्या तरी तिचा सांगाडा आजही तोच आहे. रज्जूची खरी नासाडी आघाताच्या क्षणी पुरी होत नाही, ती नंतरच्या सुजेने व रक्तस्रावाने वाढत जाते, हा फार मोलाचा विचार ॲलनने मांडला. तो स्वतः पहिल्या महायुद्धात लढावयास गेला आणि 1918त फ्रान्समधील आर्गोनच्या रणांगणावर मारला गेला. त्याने कुत्र्यांविषयी विचारलेला प्रश्न एकच होता: हे पुन्हा चालेल का? त्याला दुखत असेल का, हा प्रश्न त्याने विचारला नाही, आणि पुढे साठ-सत्तर वर्षे जवळजवळ कोणीच विचारला नाही.

याचे कारण निष्ठुरतेत शोधण्यापेक्षा मृत्यूच्या हिशेबात शोधावे हे अधिक न्याय्य. त्या काळी कणा मोडलेला मनुष्य मूत्रमार्गाच्या विकाराने किंवा पाठीला पडलेल्या शय्याव्रणांनी काही आठवड्यांतच दगावे. जगलाच नाही त्याच्या वेदनेचा विचार कोण करणार? दुसऱ्या महायुद्धात हे पालटले. 1944त इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमान याने अशा सैनिकांसाठी स्वतंत्र विभाग काढला, त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळविण्याचा हुकूम सोडला, आणि माणसे जगू लागली. आपल्याकडे मुंबईत हाजीअलीजवळ भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था 1955त सुरू झाली, आणि पुण्याजवळ खडकी येथे पंगू सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र 1974त उभे राहिले. 1965च्या युद्धात कण्यात गोळी बसलेले, मूळचे सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांनी 1972त हायडेलबर्ग येथे 50 मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळविले, ही हकिकत आता सर्वविदित आहे. अशा पराक्रमाची थोरवी कोण नाकारील? पण चाकाच्या खुर्चीवरील हसरा चेहरा पाहिला की त्या माणसाला काही दुखतही असू शकेल, हे पाहणाऱ्याच्या मनातही येत नाही.

माणसे जगली, तेव्हा बोलली; आणि तेव्हा शल्यविशारदांनी हाती सुरी घेतली. वेदना वर जाते ती रज्जूतून, तर रज्जू आणखी वर कापावा, असा सरळ हिशेब होता. तो किती चुकला ते रोनाल्ड मेल्झॅक व जॉन लोझर यांनी 1978त पाच रुग्णांच्या हकिकती देऊन दाखविले: या पाचांच्या मेरुरज्जूचा तुकडाच्या तुकडा काढून टाकलेला होता, आणि तरीही त्यांच्या नाहीशा झालेल्या अर्ध्या शरीरातील वेदना चालूच होती. म्हणजे वर्दी खालून येतच नव्हती. ती वरच कोठेतरी जणू आपोआप निघत होती. रुग्ण खरे बोलत होता, शास्त्र चुकत होते. एरिक्सनच्या उतारूंना हा निकाल शंभर वर्षांनी मिळाला म्हणावयाचे.

वेदना जर रज्जूच्या जखमेतून जन्मते, तर ती कशी जन्मते हे पाहण्यास जिवंत रज्जू हवा, आणि माणसाचा तो घेता येत नाही. म्हणून 1990च्या सुमारास पांढरे उंदीर या कामी आले. स्टॉकहोममध्ये उंदराच्या शिरेत एक रंगद्रव्य सोडून कण्यावर लेसरचा किरण टाकीत, त्याने तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या गोठत व रज्जूचा तेवढा भाग मरे. पुढे त्या उंदराच्या लवीवरून नुसता ब्रश फिरविला तरी तो किंचाळे. सदऱ्याच्या किनारीची जी गोष्ट वर सांगितली तिचेच हे प्रतिरूप. अमेरिकेत गॅल्व्हस्टन येथे रज्जूचा अर्धा छेद घेऊन, आणि पुढे वजन सोडून, हाच शोध चालला. आणखी एका प्रयोगशाळेत रज्जूत मज्जापेशींना अतिउत्तेजित करून मारणारे द्रव्य टोचले असता उंदीर दुखापतीच्या पातळीवरील स्वतःचीच कातडी चाटून चाटून सोलवटून काढीत असे दिसले.

मोजमापाचे साधन होते ते 1896 सालचे. माक्स फॉन फ्राय याने काठीच्या टोकाला घोड्याचे व माणसाचे केस बसवून, केस वाकेपर्यंत कातडीवर किती दाब पडतो त्यावरून स्पर्शाची मोजणी सुरू केली होती. आता केसांच्या जागी नायलॉनचे तंतू आले इतकेच. उंदीर जाळीवर उभा करावयाचा, खालून तंतूने तळवा टोचावयाचा, आणि तो कोणत्या जाडीला पाय उचलतो ते लिहून घ्यावयाचे. शेकडो निबंध या एका पाय उचलण्यावर उभे राहिले. आणि येथेच शेरिंग्टनचे मांजर पुन्हा दारात येऊन बसले! मेरुरज्जू दुखावला की वरचा अंमल सुटल्यामुळे खालच्या प्रतिक्षेपी क्रिया उलट अधिकच चेकाळतात. लुळ्या माणसाचे पाय झोपेत ताडकन आखडतात आणि त्याला पत्ताही नसतो. मग उंदराने झटकन पाय उचलला तो दुखले म्हणून की केवळ कण्याने पाय झटकला म्हणून? शतकभर ज्यांनी माणसाची जबानी बाजूस ठेवली, त्यांनी आता बेडकाची जबानी प्रमाण मानली, असे कोणी म्हटल्यास त्याला फारसे उत्तर देता आले नसते.

त्या साक्षीदारांविषयी आणखी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. रज्जू दुखावलेल्या उंदराला लघवी होत नाही. दिवसातून दोन-तीन वेळा कोणीतरी त्याचे ओटीपोट हलक्या हाताने दाबून ती करवावी लागते, आणि हे काम मादीच्या बाबतीत सोपे जाते, म्हणून अशा प्रयोगांत माद्यांचाच भरणा अधिक. इकडे झाडावरून, छपरावरून पडून किंवा मोटारीच्या अपघातात कणा मोडणाऱ्यांत पुरुष अधिक. शास्त्राचा एवढा मोठा डोलारा ओटीपोट दाबण्याच्या सोयीवर तोलला जावा, यात मला तरी ते शास्त्र माणसांचे असल्याची खूण दिसते.

प्रश्न विचारण्याची रीत बदलली ती 2000च्या पुढे. उंदराला अंधार आवडतो, उजेड नकोसा वाटतो. अंधाऱ्या कोनाड्यात असताना त्याचा दुखरा भाग टोचावयाचा आणि उजेडात असताना तो टोचावयाचा नाही. स्वभावाविरुद्ध तो उजेडात जाऊन बसू लागला तर तो निर्णय कण्याचा नसतो, उंदराचा असतो. याहून चतुर युक्ती म्हणजे दोन खोल्यांची. एका खोलीत वेदनाशामक देऊन ठेवावयाचे, दुसरीत नुसते पाणी टोचून. धडधाकट उंदराला दोन्ही खोल्या सारख्या, पण रज्जू दुखावलेला उंदीर पुढे आपखुशीने पहिल्या खोलीकडे वळू लागला. ह्यूस्टनच्या संशोधकांनी 2014त हे दाखविले. कोणी टोचत नसतानाही त्याला आतून दुखत होते आणि आराम कोठे मिळाला हे तो विसरला नव्हता. त्याच संशोधकांनी त्याआधी 2010त असेही दाखविले होते की दुखापतीनंतर महिनोन्महिने, कण्याबाहेर ज्या गाठींत वेदनावाहक तंतूंच्या पेशी असतात, त्या पेशी कसलेही कारण नसता स्वतःहून संदेश सोडीत राहतात. रज्जूतील रक्षकपेशी एकदा चवताळल्या की शांत होत नाहीत व भोवतालच्या मज्जापेशींना चिथावीत राहतात, हेही उंदरांवरूनच कळले. आपल्याकडे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत रज्जू दुखावलेल्या उंदरांच्या वेदनेवर मंद चुंबकीय क्षेत्राचा परिणाम पाहण्यात आला. एरिक्सनचा लोहचुंबक असा आडवाटेने परत भेटतो.

प्राण्यांच्या बाजूने कोणी उभे होते की नाही? होते, आणि तेही मुंबईत फार पूर्वीपासून. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात उभे राहिले, आणि त्याच परळात, जुन्या गव्हर्नरच्या वाड्यात, 1899त हाफकीन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. जनावरांना बरे करणारे घर आणि जनावरांवर प्रयोग करणारे घर एकाच वस्तीत सुखाने नांदले. 1960च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने प्रयोगांना मुभा ठेवली, पण भूल देणे आणि प्राण्याशी माणुसकीने वागणे बंधनकारक केले आणि देखरेखीस समिती नेमण्याची तजवीज केली. त्या समितीला खरे दात फुटले ते 1998च्या नियमांनी. वेदनेच्या प्रयोगात मात्र कायद्याचीही पंचाईत होते, कारण इजा भुलेखाली करता आली तरी जी पाहावयाची ती वेदना शुद्धीवरच पाहावी लागते. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघाने 1983त यासंबंधी जे दंडक छापले त्यांतला एक मला सर्वांत प्रामाणिक वाटतो: जी वेदना प्राण्याला द्यावयाची ती शक्य असेल तेथे संशोधकाने आधी स्वतःवर करून पाहावी.

मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेला म्हसोबाची जत्रा भरते आणि तिच्याबरोबर गुरांचा मोठा बाजार. तेथे मुरलेला शेतकरी बैल घेण्याआधी त्याच्या कण्यावरून शेपटीपर्यंत तळहात फिरवतो, चार पावले चालवतो, आणि मग बराच वेळ नुसता त्याच्या तोंडाकडे पाहतो: डोळा बारीक झाला का, कान मागे पडले का, नाकपुडी ताणली का. 2010त माँट्रियलच्या प्रयोगशाळेने उंदराच्या मुद्रेवरून वेदना मोजण्याची जी पट्टी प्रसिद्ध केली तीत डोळे आकसणे, नाक व गाल फुगणे, कान व मिशांची ठेवण हीच लक्षणे आहेत. म्हशाच्या बाजारात तिला कोणी नवलाईची म्हटले नसते.

एवढ्या खटाटोपातून रुग्णाच्या हाती काय आले? गॅल्व्हस्टनच्या उंदरांवर 2000 साली गॅबापेंटिन या औषधाचा गुण दिसला. त्याच्याच जातीच्या प्रीगाबालिनची 137 रुग्णांवरील चाचणी 2006त प्रसिद्ध झाली आणि 2012त अमेरिकेने या वेदनेसाठी त्या औषधाला मंजुरी दिली. ही औषधे आज तालुक्याच्या दुकानातही मिळतात. कित्येकांची आग त्यांनी निवते, कित्येकांची निवत नाही, आणि गुंगी व पायांची सूज पुष्कळांना सोसावी लागते. उंदरांत गुणकारी ठरलेल्या इतर कितीतरी गोष्टी माणसांत निष्फळ गेल्या. माझे मत विचाराल तर या साक्षीदारांचा सर्वांत मोठा उपकार औषधाचा नाही. मेलेल्या पायातील आग हे मनाचे खेळ नव्हेत, पेशींत दिसणारी व मोजता येणारी गोष्ट आहे, हे त्यांनी सिद्ध केले, आणि ज्या माणसाचा शब्द कोणी घेत नव्हते त्याच्या बाजूने ते न बोलता बोलले. त्यासाठी त्यांचे कणे मोडावे लागले, हा हिशेब मात्र कोणी बरोबर मांडून दाखविलेला नाही. वर सांगितलेल्या वेदना-अभ्यास संघाने 2020त वेदनेची व्याख्या दुरुस्त करताना पुस्ती जोडली की बोलता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे, मग तो माणूस असो वा प्राणी. आणि जो आपल्याला दुखते असे सांगतो त्याच्या सांगण्याचा मान राखला जावा.

तेव्हा शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर जे वाचक असतील, किंवा ज्यांचे सोयरे असतील, त्यांना एवढीच विनंती. झाडावरून पडलेल्याला झोळीत घालू नका, उठवून बसवू नका. दाराची फळी काढा, चार-पाच जणांनी मान व कणा एका रेषेत धरून त्याला एकदम तिच्यावर घ्या, फळीशी बांधा आणि मग खाली उतरा. आणि तो पुढे कधी म्हणाला की लुळ्या पायांत आग होते, तर भगताकडे जाण्यापूर्वी त्याला सरकारी दवाखान्यात न्या, आणि डॉक्टरसाहेबांनी मान हलवली तरी तेच पुन्हा एकदा सांगा.